चहाच्या चिनी अक्षरात माणूस कुठून आला?

प्रश्न असा होता: भेट म्हणून आलेल्या एका चिनी पेल्यावर एकच अक्षर कोरलेलं आहे. देणाऱ्याने सांगितलं की हे 'चहा'चं अक्षर. वर गवत, खाली झाड आणि दोहोंच्या मध्ये माणूस. झाडापानांच्या कुशीत विसावलेला माणूस म्हणजे चहा. हे खरं आहे का? आपला 'चहा' हा शब्द याच अक्षरातून आला का? आणि मुलीला हे अक्षर मनगटावर गोंदवून घ्यायचं आहे, तर त्यात काही चूक व्हायची भीती आहे का?

आधी थोडक्यात उत्तर देते. अक्षर चहाचंच आहे. आपला शब्दही तिथलाच आहे. माणसाची गोष्ट मात्र खरी नाही. गोंदवून घ्यायला हरकत नाही, पण आडव्या रेघा मोजून घ्या, कारण एक रेघ जास्त पडली तर चहा उरत नाही. त्या एका रेघेतच या अक्षराचा सगळा इतिहास आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. गेली बावीस वर्षं मी चिनी शिकवते आणि भाषांतरं करते. दर वर्षी पहिल्या महिन्यात कुणीतरी हीच गोष्ट वर्गात आणतं, आणि ती खोडून काढताना मला जे सांगता येतं ते त्या गोष्टीहून कितीतरी सुंदर आहे असं मला मनापासून वाटतं.

पेला समोर ठेवा. अक्षराच्या डोक्यावर एक आडवी रेघ आहे आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा. ही गवताची खूण. वनस्पतींच्या नावांवर ती टोपीसारखी बसलेली असते. तिच्याखाली घराच्या उतरत्या छपरासारख्या दोन तिरप्या रेघा दिसतील. 'माणूस' हे अक्षर सुटं लिहिलं तर असंच दिसतं, म्हणून गोष्ट सांगणाऱ्यांना तिथे माणूस दिसतो. छपराखाली एक आडवी रेघ, तिच्यातून खाली जाणारी उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा फटकारा. हा भाग 'झाड' या अक्षरासारखा दिसतो. एकूण नऊ रेघा.

गवत आणि झाड यांच्या मध्ये माणूस ही फोड चीनमध्येही फार लाडकी आहे. चहाच्या दुकानांत, डब्यांवर, कॅलेंडरांवर ती सापडते. लक्षात ठेवायची युक्ती म्हणून ती चांगलीच आहे. मीही पहिल्या दिवशी मुलांना ती वापरू देते. पण अक्षर लक्षात कसं ठेवायचं हे एक, आणि ते घडलं कसं हे दुसरं. ज्यांनी हे अक्षर घडवलं त्यांनी माणूस काढलाच नव्हता.

चिनी लिपी म्हणजे चित्रलिपी अशी आपल्याकडे समजूत आहे. सूर्य, चंद्र, डोंगर, झाड अशी काही अक्षरं खरोखर चित्रातून आली. पण चित्राने किती शब्द लिहिणार? झाड काढता येईल. आंबा, फणस आणि चिंच वेगवेगळी ओळखू येतील अशी चार रेघांत कशी काढणार? म्हणून बहुसंख्य चिनी अक्षरं दोन भाग जोडून केलेली असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. समजा आपल्याला नागरी येत नाही आणि 'कर' म्हणजे हात हा शब्द लिहायचा आहे. आपण आधीच ठरलेलं 'खर' म्हणजे गाढवाचं चित्र घेऊ आणि त्याच्या बाजूला हाताची खूण करू. वाचणाऱ्याला कळेल की खरसारखं ऐकू येणारं, हाताशी संबंधित काहीतरी आहे. गाढवाचा तिथे अर्थाशी काही संबंध नसतो. ते फक्त आवाज देण्यासाठी आलेलं असतं.

चहाच्या अक्षरात गवताखालचा सगळा भाग असा आवाज देण्यासाठी आलेला आहे. तो मुळात एकसंध आहे. छप्पर वेगळं आणि झाड वेगळं असे त्याचे तुकडे होत नाहीत. हे स्वतंत्र अक्षर आज 'यू' असं वाचतात आणि त्याचा जुना अर्थ 'मी'. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या अस्थिलेखांत राजा स्वतःचा उल्लेख 'मी एकटा' अशा शब्दांत करतो, तिथला 'मी' तो हाच. पण चहाच्या अक्षरात तो 'मी'ही नाही, फक्त नाद आहे. याच 'यू'ला वेगवेगळ्या खुणा जोडून किती अक्षरं झालीत पाहा: चालण्याची खूण जोडली की 'थू', म्हणजे रस्ता, पाण्याची आणि मातीची जोडली की पुन्हा 'थू', म्हणजे चिखल, लेप, टेकडीची जोडली की 'छू', म्हणजे दूर करणं, पावलाची जोडली की 'श्यू', म्हणजे हळूहळू. आज हे उच्चार एकमेकांपासून लांब गेले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी ते एका घरातले होते.

मग गवताची खूण आणि हा 'यू' जोडून कोणतं अक्षर झालं? तेही 'थू'. आणि हे 'थू' म्हणजे चहा नव्हे, एक कडू पालेभाजी. त्याच्या छपराखाली एक नव्हे, दोन आडव्या रेघा होत्या. एकूण रेघा दहा. चिनी भाषेचा पहिला मोठा अक्षरकोश शू शन या विद्वानाने इसवी सन १००मध्ये पुरा केला. त्यात ९,३५३ अक्षरं आहेत, आणि त्यांत चहाचं आजचं अक्षर स्वतंत्रपणे नाही. दहा रेघांचं अक्षर आहे. शू शन म्हणतो: कडू थू, गवताची खूण, उच्चार 'यू'वरून. म्हणजे उच्चारासाठी काय घेतलं ते कोशकाराने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे ९८६मध्ये शू श्वान याने या कोशाची शुद्ध प्रत तयार केली तेव्हा त्या नोंदीखाली एक ओळ घातली: आजचं चहाचं अक्षर ते हेच. माणसाच्या गोष्टीला माझा आक्षेप एवढ्यासाठीच आहे की पुरावा इतका स्पष्ट समोर आहे.

त्या कडू भाजीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'शीजिंग' या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात नवऱ्याने टाकलेली एक बाई गाते. नवरा दुसरी घेऊन आला आहे, ही घर सोडून निघाली आहे, आणि म्हणते की थू कडू असते असं कोण म्हणतं, मला तर ती गोड लागते. तिच्या वाट्याला जे आलं त्यापुढे कडू भाजी गोडच लागणार. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. त्याच संग्रहात आणखी एका ठिकाणी वेशीबाहेर जमलेल्या मुली थूसारख्या दिसतात. तिथे थू म्हणजे गवताचा पांढराशुभ्र तुरा. इसवी सनापूर्वी ४८२मध्ये हुआंगछी इथे वू राज्याचा राजा फूछाय याने सैन्य उभं केलं, त्याचं वर्णन जुन्या इतिहासात आहे. मधली दहा हजारांची तुकडी पांढऱ्या वेशात, लांबून थूच्या तुऱ्यांसारखी. डावीकडची लाल, आगीसारखी. उजवीकडची काळी, शाईसारखी. त्यावरून 'आगीसारखं, थूसारखं' असा वाक्प्रचार झाला आणि तो आजही, एखादं काम धडाक्यात चाललं आहे या अर्थाने, वर्तमानपत्रांत रोज येतो. चिनी शाळकरी मुलं तो हमखास 'आगीसारखं, चहासारखं' असा वाचतात आणि बाईंचा ओरडा खातात.

तर एकाच अक्षरावर कडू भाजी, गवताचे तुरे, शिवाय 'थू-दू' या जोडशब्दात विष आणि छळ असा सगळा भार होता. त्यात एका झाडाची भर पडली. 'अर्या' नावाच्या प्राचीन शब्दकोशात झाडांच्या भागात एका झाडाचा अर्थ 'कडू थू' असा दिला आहे. त्यावर ग्वो फू (२७६–३२४) याने टीप लिहिली: झाड लहान, अनंताच्या झाडासारखं, पानं हिवाळ्यात धरतात, उकळून पेय करता येतं, लवकर खुडलेल्याला एक नाव, उशिरा खुडलेल्याला दुसरं, शू प्रांतातली माणसं त्याला कडू थू म्हणतात. शू म्हणजे आजचं सिचुआन. हे वर्णन चहाचंच आहे.

त्याही आधीचा, माझा आवडता दाखला वांग बाओ या लेखकाचा आहे. इसवी सनापूर्वी ५९मध्ये तो सिचुआनात एका विधवेच्या घरी उतरला होता. तिथल्या गुलामाने त्याच्यासाठी दारू आणायला नकार दिला: माझ्या करारात हे काम लिहिलेलं नाही. वांग बाओने त्याला विकत घेतलं, आणि गुलाम म्हणाला, जे जे करवून घ्यायचं ते सगळं लिहा, न लिहिलेलं मी करणार नाही. मग वांग बाओने पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामांची जी लांबलचक यादी लिहिली ती ऐकून तो गुलाम रडू लागला. त्या यादीत दोन कामं आहेत: थू उकळायची आणि भांडी मांडून ठेवायची, आणि वूयांगला जाऊन थू विकत आणायची. आता कडू पालेभाजी कुठल्याही बांधावर मिळते. तिच्यासाठी दूरच्या बाजाराला कोण पाठवेल? म्हणून बहुतेक अभ्यासक इथल्या थूचा अर्थ चहा असा घेतात, आणि मलाही तोच पटतो. त्या काळी चहा होताच. शीआनजवळ इसवी सनापूर्वी १४१मध्ये वारलेल्या हान सम्राट जिंगच्या समाधीत पुरलेल्या धान्यात पानांचा एक गोळा मिळाला, आणि २०१६मध्ये रासायनिक तपासणीतून ते चहाचे कोंब निघाले. पेय होतं, फक्त त्याला स्वतःचं अक्षर नव्हतं.

अक्षर भाजीचं, पण शब्द कुणाचा? इथे सिचुआन पुन्हा महत्त्वाचं ठरतं. चहा चीनच्या नैऋत्येकडचा, आणि तिथे चिनी बोलणारी माणसं नंतर आली. आधीच्या लोकांच्या भाषा ब्रह्मी आणि तिबेटी कुळाजवळच्या होत्या. त्या भाषांत 'ला' अशा नादाचा शब्द पान या अर्थाने सापडतो. ब्रह्मदेशात चहाच्या पानाला आजही 'ल'ने सुरू होणारा शब्द आहे, आणि आसाम-अरुणाचलातले सिंगफो लोक चहाला 'फालाप' म्हणतात. त्यातला 'लाप' म्हणजे पान. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ लोरां सागार यांनी असं मांडलं की चिनी शब्द याच 'ला'वरून घेतलेला आहे. चहाच्या शब्दाचा अतिप्राचीन चिनी उच्चार आज अभ्यासक 'ल्रा' असा काहीसा मांडतात, त्याच्याशी हे चांगलं जुळतं. मग चिनी लेखनिकाने काय केलं असेल? कानावर 'ला'सारखा परका शब्द आला, वस्तू कडू, वनस्पती. आणि हाताशी कडू वनस्पतीचं, जवळच्याच उच्चाराचं एक अक्षर तयार होतं. तेच वापरलं.

पुढे त्या 'ल्रा'चा 'डा' झाला. चिनी विद्यार्थ्याला हे समजावणं अवघड जातं. मराठी माणसाला अजिबात जाऊ नये. संस्कृत 'गुड'चा आपण 'गूळ' केला, 'तडाग'चं 'तळं' आणि 'षोडश'चे 'सोळा'. जीभ टाळूकडे वळवून काढलेला ल आणि ड हे शेजारी आहेत, एकमेकांच्या घरात जातात. चीनमध्ये ते उलट दिशेने गेले एवढंच. थांग काळात, म्हणजे सातव्या-आठव्या शतकात, चहाचा उच्चार आपल्या 'डा'च्या अगदी जवळचा होता. भाजीचा उच्चार मात्र वेगळ्या वाटेने 'दू' आणि मग 'थू' झाला. म्हणजे अक्षर एकच, पण वाचायचं दोन प्रकारे. हूनान प्रांतात एक गाव आहे, त्याच्या नावाचा अर्थ 'चहाची टेकडी'. जुन्या ग्रंथांत ते नाव दहा रेघांच्या अक्षरानेच लिहीत. यान शिगू (५८१–६४५) या भाष्यकाराने तिथे दोन उच्चार नोंदवले आहेत आणि त्यांतला दुसरा हा चहाचा. तोवर नाद वेगळा झाला होता. रेघ अजून वेगळी झाली नव्हती.

आता रेघेकडे येते. थांग काळात चहा औषधाच्या पेटीतून आणि देवळातून बाहेर पडून घरोघरी गेला. बाजार, कर, हिशेब, भेटी, कविता, सगळीकडे तो लिहावा लागू लागला. दर वेळी वाचणाऱ्याने ठरवायचं की इथे भाजी आहे की पेय, हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. छपराखालच्या दोन आडव्या रेघांपैकी एक गळाली, आणि नऊ रेघांचं अक्षर चहासाठी वेगळं झालं.

ही रेघ लू यूने काढली असं चहाच्या दुकानांत सांगतात. लू यू (७३३–८०४) हा चहावरच्या जगातल्या पहिल्या ग्रंथाचा कर्ता. अनाथ मूल म्हणून एका बौद्ध भिक्षूने त्याला वाढवलं. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात चहाच्या अक्षराबद्दल टिपण आहे: हे अक्षर कुणी गवताच्या खुणेने लिहितात, कुणी झाडाच्या, कुणी दोन्हींच्या, आणि गवताच्या खुणेचं नऊ रेघांचं रूप सम्राट श्वानझोंगच्या नावाने ७३५मध्ये झालेल्या कोशातलं आहे. तेव्हा लू यू त्या रेघेचं श्रेय स्वतःकडे घेत नाही. त्याने केलं ते असं की तीन रूपांतलं एक निवडलं आणि एवढ्या वाचल्या गेलेल्या ग्रंथात सगळीकडे तेच वापरलं. रेघ गळण्याचे तुरळक दाखले तर त्याच्याही आधीचे आहेत. झेजियांग प्रांतात हूझोऊ इथे १९९०मध्ये हान काळातल्या एका थडग्यात मातीचं झिलईदार भांडं मिळालं, त्याच्या खांद्यावर नऊ रेघांचं अक्षर ओरखडलेलं आहे. कुंभाराच्या हाताने एक रेघ सुटणं आणि साऱ्या देशाने ती सोडणं यांत पाचशे-सहाशे वर्षांचं अंतर आहे.

देशाने ती नेमकी केव्हा सोडली याचा शोध सतराव्या शतकात गू यानवू (१६१३–१६८२) याने घेतला, आणि ज्या पद्धतीने घेतला त्यासाठी मी त्याला गुरू मानते. मिंग राजवट बुडाली, मांचू आले, आणि हा माणूस नोकरी नाकारून घोडी-खेचरं घेऊन उत्तर चीन पालथा घालत शिलालेख वाचत हिंडला. थाय पर्वतावर त्याला ७७९चा एक लेख दिसला, त्यात 'चहा आणि औषध' असे शब्द होते. ७९८चा दुसरा दिसला, त्यात 'चहाची मेजवानी'. दोन्हींकडे दहा रेघा. मग त्याने ८४१चा एक लेख आणि ८५५चा एक लेख पाहिला. दोन्हींत एक रेघ कमी. त्याने निष्कर्ष लिहिला की हे अक्षर थांग काळाच्या मध्यानंतर बदललं. दगड, तारीख, रेघ. बाकी कल्पनेला जागाच नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते. त्या नंतरच्या दोन लेखांत ते अक्षर चहासाठी आलेलंच नाही. दोन्ही लेख बौद्ध भिक्षूंच्या स्मरणार्थ आहेत. ८४१चा शिलालेख ल्यू गोंगछ्वान या महान सुलेखनकाराच्या अक्षरातला, आता तो शीआनच्या शिलालेखसंग्रहालयात आहे. त्यात म्हटलं आहे की भिक्षूच्या अखेरच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन केलं आणि तीनशेहून जास्त अस्थिकण मिळाले. 'दहन' यासाठी तिथे दोन अक्षरं आहेत, तेव्हाचा उच्चार 'डाबी'च्या आसपास. आणि हा शब्द आपला आहे. पालीतल्या 'झापेति' म्हणजे जाळणे, दहन करणे, या क्रियापदाच्या कुळातला तो शब्द चिनी लिपीत उतरवलेला आहे. अस्थिकणांसाठी वापरलेला शब्दही संस्कृत 'शरीर'च. जपानी वर्तमानपत्रं आजही अंत्यसंस्काराच्या बातमीत हाच शब्द 'दाबी' असा छापतात. ८५५चा दुसरा लेख ज्या छाओथांग मठात आहे तो कुमारजीवाशी जोडलेला आहे. ४०१मध्ये छांगआनला आलेल्या या महान भाषांतरकाराने शेकडो संस्कृत शब्दांना चिनी अक्षरांत बसवलं.

चहाच्या अक्षराचा जन्म ठरवायला पुरावा म्हणून एक पाली शब्द उभा राहतो, याचं कारण त्या 'डा' या उच्चारात आहे. संस्कृत-पाली ग्रंथ चिनीत आणताना भाषांतरकारांना आपली मूर्धन्य अक्षरं, ट, ठ, ड, ढ, कशी लिहायची हा प्रश्न पडे. आणि 'डा' म्हणायला त्यांच्याकडे चहाचं हे अक्षर होतं. 'मंडल' हा शब्द त्यांनी तीन अक्षरांत लिहिला: मन्, ड, ल. मधला ड दहा रेघांचा, म्हणजे रेघ न गळालेला जुना चहा. डाकिनी लिहिताना सुरुवातीला तोच, कुंभांड या भूतगणाच्या नावाच्या शेवटी तोच. बौद्ध शब्दांनी जुनं रूप धरून ठेवलं, म्हणून आजही मंडलातल्या अक्षराला दहा रेघा आणि पेल्यावरच्या अक्षराला नऊ. एकदा एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलं होतं, त्यात सर्वत्र मंडलात नऊ रेघांचं अक्षर पडलं होतं. संगणकावर ही चूक सहज होते. मी तेवीस ठिकाणी रेघ घातली, आणि दर वेळी हाताला जाणवत होतं की आपण 'ड' हा आपलाच ध्वनी दुरुस्त करतो आहोत.

आता आपला 'चहा'. चीनच्या बहुतेक बोलींत तो 'डा' पुढे बदलत 'छा' झाला. मात्र फूजियान किनाऱ्यावरची बोली या सगळ्या बदलांच्या आधीच वेगळी झाली होती. तिथे दंत्य त टिकला, स्वर बदलला, आणि 'ते' झालं. अक्षर एकच, दोन बंदरांत दोन उच्चार. पोर्तुगीज १५५७पासून मकावमध्ये होते, त्यांनी कँटनकडचा 'छा' उचलला. त्यांच्या भाषेत आजही चहाला त्याच कुळातला शब्द आहे. डचांचा व्यापार फूजियानच्या माणसांशी, १६२४ ते १६६२ या काळात तैवानात त्यांचं ठाणंही होतं. त्यांनी 'ते' नेला, आणि इंग्रजी टी, फ्रेंच ते, जर्मन टे हे सारे त्या वाटेचे. खुष्कीच्या मार्गाने 'छा' इराणात जाऊन 'चाय' झाला. शेवटचा य तिथे लागला आणि हिंदी, रशियन, तुर्की सगळीकडे दिसतो. मराठी 'चहा'ला, गावाकडच्या 'च्या'ला आणि गुजराती 'चा'ला तो शेवटचा य नाही, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तमिळमध्ये चहाच्या पानाला 'तेयिलै' म्हणतात: ते अधिक इलै, म्हणजे पान. त्यामुळे मुंबईच्या हॉटेलात एक जण 'टी' म्हणतो, दुसरा 'चाय', तिसरा 'चहा', तेव्हा तिघेही तुमच्या पेल्यावरचं तेच अक्षर वाचत असतात.

'चहा'तला ह हा चिनी 'छा'मधल्या महाप्राणाची आठवण आहे असं मला एका विद्यार्थ्याने उत्साहाने सांगितलं होतं. मोह होतो खरा. पण दरम्यानच्या पोर्तुगीज किंवा फारसी तोंडात तो महाप्राण टिकलेला नाही, आणि नुसता कानाला गोड लागला म्हणून दुवा जोडायचा तर मग गवतातल्या माणसालाही हरकत घेता येणार नाही.

त्या माणसाला मात्र मी अगदीच हाकलून देत नाही. रेघ गळाली आणि छपराखाली जे उरलं ते योगायोगाने 'झाड' या अक्षरासारखं दिसू लागलं. गवत वर, झाड खाली: चहा हे झाडही आहे आणि त्याची पानं खुडतातही. लू यूच्या टिपणात गवत आणि झाड हे शब्द आहेतच, म्हणजे तेव्हाच्या माणसांच्या डोळ्यांनाही ते दिसत होतं. नवं रूप इतक्या सहज रुजलं त्यात या दिसण्याचा हातभार असावा असं माझं मत आहे. जपानी आणि चिनी लोक याच अक्षरातून आणखी एक खेळ करतात. गवताची खूण म्हणजे दोनदा 'दहा', म्हणून वीस. खालचा भाग फोडला की आठ, दहा, आठ, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. बेरीज एकशे आठ. म्हणून १०८व्या वाढदिवसाला 'चहाचं वय' म्हणतात. हा शुद्ध रेघांचा खेळ आहे, जपमाळेशी त्याचा संबंध नाही.

राहिलं गोंदण. पेल्यावरचं अक्षर बहुधा वळणदार हातातलं असेल, त्यावरून नक्कल करू नका; वळणात रेघा एकमेकींत मिसळतात. साध्या पाठ्यपुस्तकी वळणाचा नमुना घ्या आणि गोंदणाऱ्याला क्रमही सांगा: आधी वरची आडवी, तिच्यावरच्या दोन छोट्या उभ्या, मग डावा उतार, उजवा उतार, मग छपराखालची एकच आडवी, मधली उभी, डावा फटकारा, उजवा ठिपका. उभ्या रेघेच्या टोकाला आकडा असला तरी चालतो, नसला तरी चालतो. डावा-उजवा फटकारा उभ्या रेघेला चिकटला नाही तरी बिघडत नाही. छपराखाली दुसरी आडवी मात्र पडू देऊ नका. चिनी माणूस ते 'थू' असं वाचेल, आणि त्याला आधी आठवेल तो कडूपणा आणि छळ. कागदावर काढून बघायचं असेल तर मुलीला पहिल्या दिवशी पन्नास वेळा काढू दे, शाईने, मोठ्या चौकटीत. डावा उतार लांब आणि सैल आला पाहिजे. सगळे जण तो आखूड काढतात, आणि मग गवताची टोपी उगाच जड दिसते.